गव्हाचें मिटलेलें फूल

गव्हालाही फूल येतें असें मी वर्गांत सांगितलें, कीं मुलें हंसत. त्यांचा दोष नव्हता. ओंबीच्या तुसांत तीन पुंकेसर आणि पिसांसारख्या दोन कुक्षी दडलेल्या असतात. फूल उघडण्यापूर्वींच, किंवा उघडतां उघडतां, आपलाच पराग आपल्या कुक्षीवर पडून कार्य उरकलेलें असतें. म्हणूनच घरचें बीं पेरलें तरी गव्हाचें वाण सहसा बिघडत नाहीं. परंतु मक्याप्रमाणें दोन वाणांच्या संकराचें जोमदार बीं शेतांत पिकवूं म्हटलें, तर हेंच मिटलेलें फूल आड येतें. चिमट्यानें पुंकेसर खुडून असे दाणे मुठीनें मिळतील, खंडीनें नव्हे. (शिवाय संकरित बीं शेतकऱ्यास दरसाल विकत घ्यावें लागतें, तो हिशेब निराळा.)

गव्हाचें भावंड जें राय, त्याची रीत उलट. त्याचे परागकोश लांब, पराग विपुल आणि वाऱ्यावर उधळणारा. या दोहोंच्या संकराचीं रोपें अलेक्झांडर स्टीफन विल्सन यांनीं १८७५ सालीं एडिंबरो येथील वनस्पतिशास्त्र मंडळास कळविलीं. तीं वांझ निघालीं. १८८८ त जर्मनींतील रिंपाव यांस दाणे धरणारा संकर लाभला, आणि लौकिक त्यांना मिळाला. मला मात्र विल्सन यांच्या अपयशाचें मोल अधिक वाटतें. गव्हाकडून २१ व रायकडून ७ गुणसूत्रें येतात, पण कोणासच जोडीदार नसतो. म्हणून पराग निकामी होतो.

पुढें हा वांझपणाच उपयोगीं पडला. जपानांतील हितोशी किहारा यांनीं एजिलॉप्स जातीचें रानगवत आई करून, त्याच्या संततीस पुनःपुन्हां गव्हाचा पराग दिला, आणि दिसण्यांत गहूं पण परागानें वांझ अशीं रोपें १९५१ त जाहीर केलीं. १९६२ त अमेरिकेंतील कॅन्सस येथें विल्सन व रॉस यांनीं तिमोफीवी या गव्हाच्याच एका जातीपासून तोच गुण साधला. हे विल्सन निराळे. चिमट्याचें काम संपलें, पण वांझ आईला पराग देणार कोण? शेजारच्या ओळींतील गहूं! त्याचा पराग थोडा, अल्पायुषी, आणि पुष्कळदां तुसांतच अडकणारा.

तेव्हां संशोधक पुन्हां रायच्या दारीं आले. रायच्या चौथ्या गुणसूत्राची जोडी गव्हांत असली म्हणजे परागकोश लांबतात व परागकण वाढतात, असें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१५ त दाखविलें. मात्र परागकोश मोठे होऊन भागत नाहीं, ते तुसाबाहेर लोंबलेही पाहिजेत. आणि परक्या गुणसूत्राबरोबर नको ते गुणही घरांत येतात. जगांतला बहुतेक गहूं आजही मिटल्या फुलाच्या वाणांचाच पिकतो.