काळं सूत, पांढरं सूत आणि चार पावड्या

साल १८३०. दक्षिण स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स गावात एका म्हाताऱ्या विणकराकडे तुम्ही उमेदवारीला आहात. खोलीत तेलकट लोकरीचा वास कोंदलाय. बाहेर ओढ्याच्या पाण्यावर सूत कातणारी यंत्रं फिरतात, विणकाम मात्र अजून हातापायांचंच.

तुमच्यासमोर चार शाफ्ट आहेत, म्हणजे ताण्याचे धागे डोळ्यांतून ओवलेल्या चार चौकटी. पहिला धागा पहिलीत, दुसरा दुसरीत, असं करत चौथ्यानंतर पुन्हा पहिली. खाली चार पावड्या, प्रत्येक एकेका चौकटीला बांधलेली. सूत काळं आणि पांढरं. रंगाऱ्याचा हात त्याला लागलेला नाही. मेंढीच्या अंगावर जसं होतं तसंच ते आलंय.

म्हातारा कडेची अरुंद पट्टी दाखवतो. ताण्यात एक काळा, एक पांढरा, एक काळा, एक पांढरा. “सगळे काळे वर घे आणि काळाच धोटा टाक.” पांढरे धागे खाली दबतात, त्यांच्यावरून काळं सूत जातं आणि अख्खी ओळ काळी होते. मग पांढरे वर, पांढरा धोटा. ओळ पांढरी. चार बोटं विणून होतात तोवर कापडावर आडव्या रेघा उमटलेल्या असतात.

“आता काळे वर असताना पांढरा टाक.”

बाकी काहीच बदललेलं नाही. ताणा तोच, सूत तेच, पावड्याही त्याच. तरी फणी ठोकता ठोकता रेघा उभ्या होतात. तुम्ही वाकून बघता: काळ्या धाग्याच्या रांगेत आता प्रत्येक वेळी काळंच दिसतंय, कधी ताण्याचं, कधी बाण्याचं. पुढे ताण्यात दोन काळे धागे मुद्दाम शेजारी घेतलेत. तिथून क्रम उलटतो आणि त्याच ओळीत उभ्या रेघा आडव्या होतात.

मग मधला रुंद भाग. ताण्यात चार काळे, चार पांढरे; बाण्यातही तसेच. पावड्या आता या जोड्यांनी दाबायच्या: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार, चार-एक. काळ्यावर काळं आलं की भरीव चौकोन, पांढऱ्यावर पांढरं आलं की मोकळा. जिथे काळं आणि पांढरं भेटतं तिथे तिरप्या रेघा येतात आणि चौकोनांच्या कोपऱ्यांना दात फुटतात. पुढे याला हाउंडस्टूथ म्हणतील. चाराऐवजी सहा-सहा धागे घेतले की दात मावळतात आणि मेंढपाळांच्या घोंगडीचा साधा चौकडा उरतो. जवळच ॲबट्सफर्डला राहणारे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याच चौकड्याची विजार घालतात.

पैठणीतली धूपछाव तुम्हाला ठाऊक आहे: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. तिथे उजेडासरशी रंग हलतो. इथे रंग जागचा हलत नाही, पण कुठला धागा वर राहिला त्यावर आकृती ठरते. नुसत्या सुतात ती नसते, नुसत्या पावड्यांतही नसते.

म्हातारा हा दातेरी चौकडा आपल्याच डोंगरांचा समजतो, आणि तुम्ही त्याला सांगणार तरी कसं? स्वीडनमधल्या गेरुमच्या दलदलीत १९२० साली लोकरीचं एक पांघरूण सापडेल. ते इसवी सनापूर्वीचं असेल आणि त्यावर हेच दात असतील.

आज चार शाफ्टच्या मागावर हे शिकायचं असेल तर थेट शाल लावू नका. एकाच ताण्यात एक-एक, दोन-दोन, चार-चार आणि सहा-सहा असे पट्टे शेजारीशेजारी घ्या आणि तेच क्रम बाण्यात विणा. एका हातभर कापडात सोळा नमुने मिळतील. रंग मात्र गडद आणि फिका असेच निवडा. शंका आली तर दोन्ही रिळांचा कृष्णधवल फोटो काढा. त्यात ती सारखीच करडी दिसली, तर ती जोडी परत ठेवा.