या मालाचा खोत कोण?

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. जीवना बंदर, हरिहरेश्वर, दिवेआगर. भरती यायची नि पुळणीवर नवं पाकीट टाकून जायची. पोलिसांनी किनारा पिंजून काढला. गावोगाव बजावलं, पाकीट दिसलं तर कळवा. लपवाल तर आत जाल. आमच्या बौद्धवाडीत त्या दिवसांत एकच धास्ती होती. आपल्या एखाद्या पोरानं काय हाय म्हणून उचललं तर? वकील कोण देणार? जामीन कोण राहणार?

कालवं फोडून पोट भरलेली आमची आक्का तेव्हा ओट्यावर बसून म्हणाली, "पकडायला आमची पोरा हायती. पन ह्या मालाचा मालक कोन? त्याचा नाव कोन घेत नाय."

मित्रहो, हा प्रश्न मी डोक्यात घेऊन इतिहासाच्या मागे लागलो. गांजा वाईट की चांगला हा वाद चालूच आहे. पण गांजाच्या धंद्यात खुर्चीवर कोण बसतं नि गजाआड कोण जातं, हे विचारणारा माणूस विरळा. तो प्रश्न आक्काचा आहे, म्हणून तो आपला आहे.

मागे जाऊ. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात ओरड झाली की हिंदुस्थानात गांजा-भांगेनं लोक वेडे होतात. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. सात माणसं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. त्याच्या जोडीला ओमॅनी, फ्रेझर नि डॉक्टर वॉर्डन. हे चार गोरे. हिंदी तिघे: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, राजघराण्यातले कंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. म्हंजे चार साहेब, एक राजा, एक राजपुत्र नि एक लाला. चिटणीस मॅकिन्टॉश, तोही साहेबच.

या सात जणांपुढं ११९३ साक्षी झाल्या. खंडच्या खंड छापले गेले. निष्कर्ष काढला की बेतानं घेतली तर ही चीज फारशी बाधत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, परवाना द्या नि कर वसूल करा. निष्कर्ष खोटा होता असं मी म्हणत नाही. मी फक्त खुर्च्या मोजतो. शेतात रोप लावणारा त्या सातांत नाही. दिवसभर ओझी वाहून रात्री चिलीम ओढणारा नाही. बाई एकही नाही. गांजा निघतो तो मादी झाडाच्या फुलोऱ्यातून. नर झाडं शेतकरी उपटून फेकतो. टेबलाभोवती मात्र सगळे नरच.

कुणी म्हणेल, हे कलकत्त्या-सिमल्याचं झालं, आमच्या किनाऱ्याचं काय? आमच्याकडं गांजापेक्षा माडी नि मोहाचा धंदा मोठा. पण रीत हीच. तेव्हा जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली आलं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळण्या-विकण्याचा हक्क सरकारी परवान्यात बांधला. माडावर चढणारा भंडारी तोच राहिला, पण माडावर कर बसला. उरणला मोठ्या भट्ट्या होत्या. मालक मुख्यतः पारशी, मोहाची फुलं बाहेरून येत नि दारू मुंबईला जाई. घरची चूल नि सरकारी भट्टी यांचा सामना होता. सरकारनं चूल विझवली.

कशी विझवली? १८९२ च्या मोहा कायद्यानं ठाणे नि कुलाबा जिल्ह्यांत मोहाचं फूल बाळगणंच परवान्याखाली आणलं. नीट वाचा. दारू नव्हे, फूल! जे कातकरी-ठाकराची बाई पहाटे झाडाखालून वेचून आणी, वाळवून खाई, लग्नाकार्याला घरीच गाळी. तिच्या टोपलीतलं फूल एका सहीनं गुन्हा झालं. काताच्या भट्टीवरून ज्या जमातीला कातकरी हे नाव पडलं, तिचा कात जंगलखात्यानं हिरावला नि मोह अबकारीनं. धंदा बंद झाला नाही. फक्त मालक बदलला. बाईच्या हातातून तो मक्तेदाराच्या वहीत गेला.

खोत म्हंजे काय, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. पीक कुळाचं, घाम कुळाचा, कणगी खोताची. अबकारीचा मक्तेदार हा नशेचा खोतच होता.

आता स्वतंत्र भारताचा कायदा पाहा. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. त्यात गांजा म्हंजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं नि बी त्या व्याख्येतून वगळली. पानं घोटून होते ती भांग. म्हणून केंद्राच्या या कायद्यात महाशिवरात्रीचा पेला सुटला नि चिलमीतला फुलोरा अडकला. बनारसला भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. झाड एकच. एका भागाला प्रसाद म्हणायचं नि दुसऱ्याला गुन्हा. वर्णव्यवस्था झाडालासुद्धा सोडत नाही!

मुंबईत २०१७ नि २०१८ साली दाखल झालेल्या खटल्यांचा अभ्यास विधी सेंटर या संस्थेनं केला. बहुतेक खटले धंदेवाल्यांवर नव्हते, ओढणाऱ्यांवर होते. पकडलेल्यांत भरणा रोजंदारीवाल्यांचा, झोपडपट्टीत नि फुटपाथवर राहणाऱ्यांचा. माझा मावसभाऊ त्यातलाच. नाक्यावर बिगारी करायचा. एका पुडीपायी उचलला. दंड भरायला मावशीनं डोरलं मोडलं. त्याला पुडी विकणाऱ्याच्या वरचा, त्याच्याही वरचा, कधी कोर्टाची पायरी चढला नाही.

हे फक्त इथंच आहे असं नाही. अमेरिकेत कोलोरॅडोनं २०१२ साली मतदान करून गांजा खुला केला. पुढं एकेक राज्य खुलं होत गेलं, कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले. तिथल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेनं २०१३ साली आकडे मांडले. काळा नि गोरा साधारण सारखाच गांजा ओढतात, पण अटक होण्याची शक्यता काळ्याची जवळजवळ पावणेचार पट. आता दुसरा आकडा. २०१७ साली धंद्याच्याच एका मासिकानं पाहणी केली. मालक नि संस्थापकांत गोरे ८१ टक्के, काळे ४.३. बायांचं काय? वरच्या जागांवर २०१९ साली त्या सुमारे ३७ टक्के होत्या, २०२१ साली २२ वर आल्या. धंदा नवा होता तोवर बाईला जागा होती. भांडवल आलं नि बाईला उठवलं. ज्यांच्या बापांनी तुरुंग भोगला, त्यांच्या हाती दुकान नाही.

ऑकलंड शहरानं २०१७ साली एक वाट काढली. निम्मे परवाने शहरातल्या गरिबांना राखून ठेवले. ज्यांना गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती किंवा जे पोलिसांनी झोडपलेल्या वस्त्यांत राहिले होते त्यांना. म्हंजे राखीव जागाच. पण परवाना मिळाला तरी भांडवल कुठाय? पैसेवाले मागल्या दारानं शिरले. कागदावर नाव काळ्याचं, गल्ला दुसऱ्याचा. आपल्याला हे नवं नाही. राखीव जागेवर निवडून आलेली सरपंचबाई नि तिच्या खुर्चीत बसलेला नवरा आपण रोज बघतो.

मग वाटच नाही का? आहे. बंगालात नौगाव इथं १९१७ साली गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपली सहकारी सोसायटी काढली. सरकारी परवान्याचंच पीक, पण विक्री कुळांच्या सोसायटीची. आणि आपल्या दारातलं उदाहरण चरीचं. अलिबागजवळच्या या गावानं १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या साथीनं खोतांविरुद्ध संप केला. सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, उपास काढले. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचं बिल कायदेमंडळात मांडलं. त्यांनी कुळासाठी दया मागितली नाही. मधला खोत काढा, जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यांची मागणी.

इथं काही मित्र मला अडवतील. "अरे, आपण पंचशील घेतलंय. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची शपथ आहे. तू गांजाचा वाटा मागतोस?" प्रश्न रास्त आहे. मी शील मोडायला सांगत नाही. वाडीत व्यसनानं मोडलेली घरं मी मोजली आहेत. पण शील माझं आहे, ते मी पाळीन. ते पोलिसाच्या दंडुक्यानं फक्त माझ्याच वाडीला का शिकवावं? शिवाय आता गोष्ट चिलमीपुरती राहिलेली नाही. उत्तराखंडनं २०१८ साली याच झाडाच्या नशा नसलेल्या जातीच्या लागवडीला परवाना दिला. २०२१ साली केंद्राच्या अन्न प्राधिकरणानं तिचं बी खाण्याला मान्यता दिली. हिमाचलच्या विधानसभेनं २०२४ साली औषधासाठी नि उद्योगासाठी लागवडीचा अहवाल स्वीकारला. धागा, कापड, तेल, औषध असा मोठा धंदा उभा राहतोय. महाराष्ट्रात हे उद्या येईल तेव्हा लागवडीला जमीन लागेल, परवान्याला पैसा लागेल, औषधाला प्रयोगशाळा लागेल. यातलं आपल्या वाडीत काय आहे?

म्हणून कायदा लिहिला जाण्याआधी बोललं पाहिजे. किरकोळ पुडीपायी झालेले गुन्हे आधी पुसा. परवान्यात भूमिहीनांच्या नि बायांच्या सोसायट्यांना वाटा ठेवा, नि त्यासोबत भांडवल द्या; नाहीतर ऑकलंड होईल. नि नियम ठरवणाऱ्या टेबलावर आमची माणसं बसवा. नोकर म्हणून नको, साक्षीदार म्हणूनही नको. ११९३ साक्षी झाल्या होत्या, सही मात्र सातांनीच केली.

आमच्या किनाऱ्यावरची पाकिटं पोलिसांनी गोळा केली. समुद्र शांत झाला. आक्का पुन्हा कालवांना जाऊ लागली. परवा भेटली तेव्हा मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं नि कोयती धुता धुता म्हणाली, "म्हंजे मालक गावला नाय अजून."

नाही गावला, आक्का. पण आता त्याला आम्ही शोधतोय.

जय भीम.