पंचेचाळीस वर्षं ‘हो’, मग एक ‘नाही’

आज न्यूयॉर्कला जाऊया. शहर नाही, राज्य. आपल्याकडे हायकोर्टाचा न्यायाधीश नेमताना विधानसभेला कुणी विचारत नाही, तिथे मात्र राज्याच्या सिनेटची मंजुरी लागते.

आधी नावांचा घोळ. तिथलं ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालचं कोर्ट, आणि सगळ्यात वरचं ते ‘कोर्ट ऑफ अपील्स’. (असं नाव ठेवणाऱ्याचा कोड मी कधीच रिव्ह्यूला पास केला नसता.) 1846 च्या राज्यघटनेपासून या वरच्या कोर्टाचे न्यायाधीश चक्क निवडणुकीत उभे राहायचे. 1974 मध्ये हॅरॉल्ड स्टीव्हन्स, त्या कोर्टातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश, निवडणूक हरले. जिंकले जेकब फुक्सबर्ग. नावाजलेले वकील, पण न्यायाधीशाच्या खुर्चीत कधी बसलेले नाहीत. न्यायाधीश निवडायची ही काय रीत झाली, असं बऱ्याच जणांना वाटायला लागलं, आणि 1977 मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्ती करून स्वतःचा तो हक्क सोडला. मला हे फार विलक्षण वाटतं.

नवी पद्धत अशी: 12 जणांचा आयोग नावांची यादी देणार, मुख्य न्यायाधीशपदासाठी जास्तीत जास्त सात. गव्हर्नर त्यातलं एक उचलणार, सिनेट त्यावर मत देणार. मुदत 14 वर्षं, पण सत्तरीला निवृत्ती.

आणि सिनेटने काय केलं? प्रत्येक वेळी ‘हो’. आमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी कोड न वाचताच ‘अप्रूव्ह’ दाबतात ना, तसंच मला दिसतं ते.

मग डिसेंबर 2022 मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी हेक्टर लासाल यांचं नाव दिलं. ते पहिले लॅटिनो मुख्य न्यायाधीश ठरले असते. पण कामगार संघटना आणि गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारे गट त्यांचे जुने निकाल घेऊन उभे राहिले. म्हणजे बघा, कुणीतरी डिफ उघडून वाचला! सिनेटमध्ये बहुमत गव्हर्नरांच्याच पक्षाचं, तरी 18 जानेवारी 2023 ला न्यायविषयक समितीच्या 19 पैकी 10 जणांनी विरोधात मत दिलं.

आता वाद असा, की समितीने पाडलं म्हणजे सिनेटने पाडलं का? समितीची सदस्यसंख्या त्याच महिन्यात 15 वरून 19 केली होती, त्यामुळे संशयाला जागाही होती. अँथनी पालुम्बो हे रिपब्लिकन सिनेटर कोर्टात गेले. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. घटनेत संमती सिनेटची म्हटलीय, समितीची नव्हे. शेवटी 15 फेब्रुवारीला पूर्ण सिनेटमध्ये मतदान झालं: बाजूने 20, विरोधात 39.

मधल्या काळात त्या कोर्टात सातऐवजी सहाच न्यायाधीश. म्हणजे 3-3 अशी कोंडी कधीही होऊ शकत होती, आणि ज्यांची केस तिथे पोचली होती त्यांच्यासाठी ही काही गंमत नव्हती. 18 एप्रिलला रोवन विल्सन यांना सिनेटने मंजुरी दिली, 40 विरुद्ध 19. ते या राज्याचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य न्यायाधीश. स्टीव्हन्स हरले, त्याला तेव्हा 48 वर्षं उलटून गेली होती.