डिस्कची वाटणी आणि न दिसणारा पासवर्ड : लिनक्स इन्स्टॉल करतानाच्या दोन जुन्या अडचणींचा इतिहास

लिनक्स इन्स्टॉल करायला बसलेल्या नवख्या माणसाचा हात दोन ठिकाणी हमखास थबकतो. पहिले ठिकाण डिस्कच्या वाटणीचे, म्हणजे पार्टिशनचे. तिथे चुकीचे बटण दाबले तर घरातले फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाचे हिशेब, सारे एका क्षणात जाईल अशी धास्ती असते. दुसरे ठिकाण पासवर्डचे. काळ्या पडद्यावर अक्षरे टंकावीत आणि काहीच उमटू नये, हे पाहून कीबोर्ड बिघडला असे वाटते. दोष बहुधा आपल्याच माथी मारला जातो. प्रत्यक्षात या दोन्ही अडचणींची मुळे त्या माणसाच्या जन्माआधीच्या निर्णयांत असतात. एक १९८३ सालचा, दुसरा त्याहूनही वीस वर्षे जुना.

आधी वाटणीची गोष्ट.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने ‘पीसी एक्सटी’ हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. एकाच डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणाली नांदू शकतील अशी सोय हवी होती, म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या कप्प्यात एक छोटा तक्ता ठेवण्यात आला. त्या कप्प्यातले ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या सूचनांसाठी, शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी आणि मधले ६४ बाइट तक्त्यासाठी. एका नोंदीला १६ बाइट, म्हणून नोंदी चारच. दहा मेगाबाइटच्या डिस्कला चार वाटण्या पुष्कळ होत्या. पण हाच तक्ता पुढे तीस वर्षे कोट्यवधी यंत्रांत चालत राहिला. ‘पाचवी प्रायमरी पार्टिशन करता येत नाही’ ही कित्येकांना छळणारी सूचना म्हणजे त्या ६४ बाइटांचा हिशेब आहे. डिस्कमध्ये जागा मोकळी असते, उताऱ्यावर ओळ शिल्लक नसते.

उतारा हा शब्द इथे सहज सुचलेला नाही. पार्टिशनचा तक्ता हा डिस्कचा सातबारा आहे. त्यावरची नोंद खोडली म्हणजे जमीन नाहीशी होत नाही, पीकही जागच्या जागी उभे असते. ते कोणाचे आणि कुठून कुठपर्यंत, हे सांगणारा कागद तेवढा जातो. म्हणूनच चुकून पार्टिशन पुसली गेल्यास सर्वांत महत्त्वाचे पथ्य हे, की त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये. टेस्टडिस्कसारखी साधने डिस्कभर फिरून जुन्या हद्दीच्या खुणा शोधतात आणि उतारा पुन्हा लिहून देतात. मात्र त्या जागेवर नवे फॉरमॅट होऊन नव्या फाइली पडल्या असतील, तर ती दुसऱ्याने नांगरलेली जमीन होय.

या बाबतीत खुद्द लिनक्सचा कर्ताही सुटला नाही. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस तोरवाल्ड्स १९९१ मध्ये मिनिक्स ही प्रणाली वापरत आपली नवी प्रणाली घडवीत होता. एकदा विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमवरून जोडणी करताना त्याच्या हातून डायल करण्याच्या आज्ञा मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच पाठवल्या गेल्या आणि मिनिक्सची पार्टिशन बिघडली. मिनिक्स पुन्हा बसवण्यापेक्षा त्याने आपलीच प्रणाली स्वतःच्या पायावर उभी करायचे ठरवले. लिनक्सच्या स्वावलंबनात एका चुकीच्या आज्ञेचाही वाटा आहे, ही नोंद गंभीर इतिहासातही असायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकातली अडचण निराळी होती. त्या काळचे बायोस डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी सांगत असे, आणि सिलिंडरच्या आकड्याला १०२४ ची मर्यादा होती. २५५ हेड आणि ६३ सेक्टर धरले तरी हिशेब सुमारे ८.४ गीगाबाइटपाशी संपे. लिनक्सचा गाभा त्या रेषेपलीकडे पडला, की ‘लिलो’ या सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रॅमला तो सापडत नसे. लिलोची एक मजेदार सवय होती. प्रत्येक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर लिही. चारही अक्षरे उमटली की सारे ठीक. ‘एल’ आणि ‘आय’ एवढीच उमटून यंत्र गोठले, तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू शकला नाही असे समजायचे. अनेक जुन्या मार्गदर्शिका डिस्कच्या आरंभी एक छोटी स्वतंत्र ‘बूट’ पार्टिशन करायला सांगत, त्यामागचे कारण हेच होते. कारण गेले, तरी सल्ला कित्येक वर्षे तसाच उतरवला जात राहिला.

या साऱ्यात २००४ सालचे प्रकरण विशेष बोलके आहे. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.६ ही आवृत्ती आली. डिस्कच्या त्या तीन आकड्यांबाबत बायोस काय समजतो याचा अंदाज बांधणे तिने सोडून दिले. तांत्रिक दृष्ट्या निर्णय योग्य होता, कारण लिनक्सला त्या आकड्यांची गरज उरली नव्हती. पण पार्टिशन करणारे ‘पार्टेड’ हे साधन गाभ्याच्याच सांगण्यावर विसंबून होते. मे २००४ मध्ये फेडोरा कोअर २ आली. ती विंडोज एक्सपीच्या शेजारी बसवताना काही यंत्रांवर पार्टेडने तक्ता नव्या आकड्यांनी लिहिला. ते आकडे बायोसच्या समजुतीशी जुळेनात. पुढच्या वेळी यंत्र सुरू केले तर विंडोज उघडेना. सुसे आणि मँड्रेकच्या त्या वर्षीच्या आवृत्त्यांतही हेच दिसले.

डेटा मात्र जागच्या जागी होता. बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘ऑटो’वरून ‘एलबीए’वर नेली, किंवा तक्ता २५५ हेड धरून पुन्हा लिहिला, की विंडोज उघडत असे. खरे नुकसान त्याचे झाले, ज्याने घाबरून सारे फॉरमॅट केले. विंडोजच्या बाजूने पाहणाऱ्याला लिनक्सने घर मोडले असे वाटले. लिनक्सच्या बाजूने पाहणाऱ्याला विंडोज अजून १९८३ च्या आकड्यांना चिकटून असल्याचा राग आला. दोघांचेही म्हणणे खरे होते. तरीही शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड हलवण्याआधी त्याला विचारण्याची जबाबदारी नव्याने राहायला आलेल्याचीच.

पुढे जीपीटी ही नवी तक्तापद्धत रूढ झाली. तिच्यात साधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि उताऱ्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. जुना चार ओळींचा तक्ता तिथेही पहिल्या कप्प्यात असतोच, पण केवळ पहारेकरी म्हणून. जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजू नये, एवढेच त्याचे काम.

आता पासवर्ड.

एमआयटीत १९६० च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभारली. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि प्रत्येकाला पासवर्ड. १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधकाने, वाट्याला आलेला संगणकवेळ पुरेना म्हणून, पासवर्डची संपूर्ण फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये तर कोणी चोरी न करताच गुपित फुटले. संपादन करणारा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलीला ठरावीक नाव देत असे. एकाच वेळी एक व्यवस्थापक दिवसाचा निरोप लिहीत होता आणि दुसरा पासवर्डची यादी. दोन्हींची अदलाबदल झाली, आणि जो कोणी आत येई त्याला निरोपाऐवजी सर्वांचे पासवर्ड वाचायला मिळाले.

युनिक्सने यातून धडा घेतला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पासवर्ड आहे तसा न साठवता, उलट फिरवता न येणाऱ्या रूपात साठवण्याची पद्धत मांडली. थॉम्पसनचा स्वतःचा पासवर्ड अशाच रूपात एका जुन्या फाइलीत उरला होता. तो २०१९ मध्ये उकलला, तेव्हा ती बुद्धिबळाची चाल निघाली : वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे.

टंकताना काहीच न उमटणे हीदेखील त्याच काळाची खूण. तेव्हा पडद्याच्या जागी टेलिप्रिंटर असे. कागदावर उमटलेले अक्षर पुसता येत नाही, म्हणून पासवर्डपुरती छपाई बंद केली जाई. कागद गेला, पण रीत राहिली. चांदण्यांमुळेही अक्षरसंख्या कळते, म्हणून त्याही नसतात. तेव्हा न दिसता टंकावे आणि एंटर दाबावे, इतकेच.

उबुंटूने २००४ पासून आणखी एक बदल रूढ केला. रूट या सर्वाधिकारी खात्याला पासवर्डच दिला नाही. पहिल्या वापरकर्त्याने ‘सुडो’ म्हणून स्वतःचाच पासवर्ड द्यायचा. जुनी पुस्तके वाचून रूटचा पासवर्ड शोधणारे इथे हटकून अडतात, कारण नसलेली किल्ली शोधली जात असते. याच उबुंटूच्या ५.१० आवृत्तीत मार्च २००६ मध्ये एक लाजिरवाणी चूक उघड झाली. इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड इन्स्टॉलरच्या नोंदवहीत उघड्या अक्षरांत राहत होता, आणि त्या यंत्रावरच्या कोणालाही ती वही वाचता येत होती. दुरुस्ती तातडीने झाली, तरी १९६६ ची आठवण येणारच.

पासवर्ड विसरला तर यंत्र रिकव्हरी मोडमध्ये सुरू करून नवा देता येतो. यंत्र ज्याच्या हातात, सत्ता त्याची, हे युनिक्सचे जुने गृहीतक आहे. पण डिस्क लक्स पद्धतीने कूटबद्ध केली असेल, तर विसरलेल्या सांकेतिक वाक्याला मागचे दार नाही. विंडोजच्या बाजूला बिटलॉकर चालू असेल, तर पार्टिशन वा बूटची व्यवस्था बदलल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती वाटणीला हात लावण्याआधी लिहून ठेवायची असते.

मराठी वापरकर्त्याची एक अडचण मात्र खास आहे. इन्स्टॉल करताना भारतीय भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला, पासवर्ड एका लिपीत ठरवला आणि सुरुवातीच्या पडद्यावर कीबोर्ड दुसऱ्याच लिपीत असला, तर बरोबर टंकलेला पासवर्डही चूक ठरतो. अक्षरे दिसत नसल्याने लिपी कोणती हे कळायलाही मार्ग नाही. डेबियनचा इन्स्टॉलर म्हणूनच अशा कीबोर्डसाठी लिपी बदलण्याची कळ कोणती, हे वेगळे विचारतो. तो प्रश्न घाईने पुढे ढकलू नये. लॉगिनच्या पडद्यावर अडल्यास वापरकर्त्याच्या नावाच्या जागी, जिथे अक्षरे दिसतात तिथे, दोन-चार अक्षरे टंकून पाहावीत. पूर्ण पासवर्ड तिथे लिहू नये. गडबडीत माणसे नावाच्या जागी पासवर्ड लिहितात हे लॉगिन प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच अनोळखी नाव नोंदवहीत न उतरवण्याची सोय त्यात आहे, आणि ती मुळातच चालू ठेवलेली असते.