संसद, भारतीय
संसद, भारतीय : भारताचे केंद्रीय कायदेमंडळ. संविधानाच्या अनुच्छेद ७९ नुसार राष्ट्रपती, राज्यसभा व लोकसभा मिळून संसद बनते. राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसले तरी संसदेचे अंग असतात, हे पुष्कळदा विसरले जाते. लोकसभेत ५४३ निर्वाचित सदस्य असून त्यांपैकी ४८ महाराष्ट्राचे व २ गोव्याचे. राज्यसभा विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होत.

विधेयकाची प्रत्येक सभागृहात तीन वाचने होतात. पहिल्यात ते केवळ मांडले जाते. खरी छाननी दुसऱ्या वाचनात, कलमवार होते. वाटल्यास विधेयक समितीकडे जाते. तिसऱ्यात ते एकूण स्वीकारायचे की फेटाळायचे, एवढाच प्रश्न उरतो.

धन विधेयक मात्र लोकसभेतच मांडता येते. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत पाठवायचे असते आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. या किरकोळ भासणाऱ्या अधिकारावरून मोठे वाद झाले आहेत.

साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तेथे संख्याबळामुळे लोकसभेचे पारडे जड राहते. हुंडाबंदी (१९६१), बँकिंग सेवा आयोग निरसन (१९७८) व दहशतवाद प्रतिबंध (२००२) ही विधेयके या मार्गाने संमत झाली. संविधान दुरुस्तीला ही वाट मोकळी नाही.