लवजी कॅसलमधला स्टुडिओ

मैत्रिणींनो, आपल्या देवणीत मुलाने वडिलांची पेढी सोडली की घरात आठ दिवस कुणी धड जेवत नाही. जमशेद वाडिया तर मुंबईच्या जहाजं बांधणाऱ्या नामांकित पारशी घराण्यातले, वकिली शिकलेले. सिनेमा घरंदाजांचा धंदा नव्हता, तेव्हा १९२८ मध्ये त्यांनी 'वसंतलीला' हा मूकपट काढला. १९३३ मध्ये भाऊ होमी आणि भागीदारांसह 'वाडिया मूव्हीटोन' उभी केली; परळचा पिढीजात वाडा, लवजी कॅसल, तोच स्टुडिओ झाला. 'हंटरवाली' तयार झाला, पण चाबूकवाली नायिका पाहून वितरक पुढे येईनात. १९३५ मध्ये यांनी स्वतःच लावला, तुफान चालला! मला मात्र वाड्याचंच कौतुक. बंद ठेवून जाळी धरू दिली नाही. पुढे तिथेच जैन वडिलांच्या शांतारामबापूंचं 'राजकमल' आलं.