लिनक्स कौशल्याचे स्वमूल्यमापन

लिनक्स कौशल्याचे स्वमूल्यमापन म्हणजे लिनक्स ही संगणक कार्यप्रणाली वापरणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या ज्ञानाची आणि कृतिक्षमतेची पातळी स्वतः तपासणे होय. अभ्यासक्रम निवडताना, नोकरीच्या अर्जात कौशल्य नमूद करताना, प्रमाणपत्र परीक्षेला बसण्यापूर्वी किंवा एखाद्या सर्व्हरची जबाबदारी स्वीकारताना असा अंदाज बांधावा लागतो. लिनक्समध्ये रूट या सर्वाधिकारी खात्यावरून दिलेली आज्ञा बहुधा विनाप्रश्न पार पाडली जाते, आणि टर्मिनलवरून आरएम आज्ञेने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही. त्यामुळे स्वतःच्या कौशल्याचा अवाजवी अंदाज प्रत्यक्ष हानीस कारणीभूत ठरू शकतो. याउलट स्वतःला कमी लेखणारा विद्यार्थी त्याच्या आवाक्यातील परीक्षा किंवा काम टाळतो.

पार्श्वभूमी

लिनक्सची रचना युनिक्स या कार्यप्रणालीच्या धर्तीवर झाली आहे. युनिक्सचा विकास १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झाला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या कार्यप्रणालीची माहिती जाहीर केली. सुरुवातीच्या काळात लिनक्स संगणकावर चढवण्यासाठीच बरेच तांत्रिक ज्ञान लागत असे. त्यामुळे लिनक्सचा वापरकर्ता आणि लिनक्सचा जाणकार यांत फारसा फरक नव्हता. २००४ साली आलेल्या उबुंटूसारख्या वितरणांनी ही स्थिती बदलली. आज टर्मिनल न उघडताही लिनक्सवर कार्यालयीन काम करता येते, तर अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या रूपाने असंख्य लोक नकळत लिनक्सचा गाभा वापरत असतात. परिणामी ‘लिनक्स येते’ या विधानाला निश्चित अर्थ उरलेला नाही.

कौशल्याच्या पायऱ्या ठरवण्याचे प्रयत्न जुने आहेत. हुबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या बंधूंनी १९८० साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्यांचे प्रतिमान मांडले. या प्रतिमानानुसार नवशिका नियमांवर विसंबून काम करतो, तर अनुभव वाढतो तशी परिस्थिती ओळखून निर्णय घेण्याची क्षमता येते. १९९० च्या दशकात युसेनिक्स या संस्थेच्या सेज या गटाने प्रणाली-प्रशासकांच्या पदांची श्रेणीवार वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत नवशिक्यापासून वरिष्ठापर्यंतच्या प्रत्येक श्रेणीसाठी अपेक्षित कामे नमूद होती.

पातळ्या

लिनक्स वापरकर्त्यांची सर्वमान्य अधिकृत श्रेणी अस्तित्वात नाही. तथापि सोयीसाठी पुढील चार पातळ्या करता येतात. अडचण उद्भवल्यावर वापरकर्ता काय करू शकतो, हा या पातळ्यांमधील मुख्य भेद आहे.

प्राथमिक पातळी: फाईल व डिरेक्टरी यांची मांडणी समजते. फाईल शोधणे, तिची प्रत करणे, ती हलवणे आणि पुसणे ही कामे टर्मिनलवरून करता येतात. अडचण आल्यास दुसऱ्याने सांगितलेली आज्ञा जशीच्या तशी चालवली जाते.

नियमित वापराची पातळी: फाईलच्या परवानग्या, पाइप, पुनर्निर्देशन आणि पॅकेज-व्यवस्थापन यांचा अर्थ कळतो. वाचन, लेखन आणि कार्यान्वयन यांसाठी अनुक्रमे ४, २ आणि १ हे अंक असतात हे ठाऊक असल्याने फाईलला ७७७ ही परवानगी दिल्यास ती प्रत्येकाला बदलता येते, हे वापरकर्ता आधीच सांगू शकतो. मॅन आज्ञेने उघडणारी माहितीपुस्तिका वाचून नवा पर्याय वापरता येतो.

प्रगत पातळी: शेल स्क्रिप्ट लिहिणे, सेवा सुरू व बंद करणे, नोंदवह्या वाचून दोषाचे कारण शोधणे ही कामे जमतात. टर्मिनलवर नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून का चालत नाही, यासारख्या प्रश्नाचे उत्तर परिवेश-चलांतील फरकात शोधले जाते.

प्रशासकीय पातळी: अनेक वापरकर्त्यांची प्रणाली सुरक्षित ठेवणे, बॅकअप घेऊन तो पुन्हा वापरून पाहणे, सुरू न होणारा संगणक पूर्ववत करणे हे या पातळीचे काम आहे. डिस्कवरील फाईल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर ती फाईल एखाद्या चालू प्रक्रियेने उघडी धरली आहे का, हे तपासण्याचे ज्ञान येथे अपेक्षित असते.

दिशाभूल करणारे निकष

वापराची वर्षे हा कौशल्याचा भरवशाचा निकष नाही. दहा वर्षे एकाच प्रकारचे काम करणाऱ्याला प्रणालीतील बदलांचा परिचय नसू शकतो. उदाहरणार्थ, सेवा-व्यवस्थापनासाठीची सिस्टमडी ही प्रणाली फेडोराने २०११ साली आणि डेबियनने २०१५ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. त्यापूर्वीची पद्धत शिकलेल्यांना सेवांची हाताळणी नव्याने शिकावी लागली.

वितरणाच्या नावावरूनही पातळी ठरत नाही. आर्च किंवा जेंटू ही वितरणे चढवणे तुलनेने कष्टाचे असले, तरी सूचनांची नक्कल करून ते काम पूर्ण करता येते. उलट उबुंटू किंवा डेबियन वापरणारी व्यक्ती निष्णात प्रशासक असू शकते. पाठ असलेल्या आज्ञांची संख्या, टर्मिनलचे बाह्यरूप, रूट खात्यावरून सतत काम करण्याची सवय हेदेखील कौशल्याचे पुरावे नव्हेत. रूट खात्याचा अनावश्यक वापर टाळणे हे उलट जाणकारीचे लक्षण मानले जाते.

अंदाज चुकण्याची कारणे

कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ साली विनोदबुद्धी, तर्क आणि इंग्रजी व्याकरण या विषयांत केलेला अभ्यास या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. चाचणीत सर्वांत खालच्या चतुर्थांशात आलेल्या सहभागींचे स्थान सरासरी १२ व्या शतमकावर होते, परंतु त्यांनी स्वतःचे स्थान ६२ व्या शतमकावर असल्याचा अंदाज केला होता. एखादे काम नीट करण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच ते काम नीट झाले की नाही हे ओळखण्यासाठीही लागते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हा परिणाम काही अंशी संख्याशास्त्रीय कारणांमुळे दिसतो, असा आक्षेप पुढे घेतला गेला. हा अभ्यास संगणक-कौशल्यावर नव्हता, त्यामुळे त्यातील आकडे लिनक्स वापरकर्त्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

लिनक्सच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. यशस्वी आज्ञा अनेकदा पडद्यावर काहीही दाखवत नाही. त्यामुळे आज्ञा योग्य होती की केवळ चालून गेली, हा फरक नवशिक्याच्या लक्षात येत नाही. फाईलला ७७७ परवानगी दिल्यावर अडचण नाहीशी होते. पण त्यातून निर्माण झालेला धोका लगेच दिसत नाही.

कमी लेखण्यामागे भाषेचे कारण असू शकते. माहितीपुस्तिका आणि दोषसंदेश बहुतांशी इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीची अडचण ही लिनक्सची अडचण वाटू शकते. प्रत्यक्षात नेहमी भेटणाऱ्या दोषसंदेशांची संख्या मर्यादित असते. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे परवानगी नाही आणि ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे दिलेल्या ठिकाणी फाईल किंवा डिरेक्टरी नाही. या दोन संदेशांवरून शोधाच्या दोन वेगळ्या दिशा ठरवता येणे हे लिनक्सचे कौशल्य आहे. ते संदेश अस्खलित वाचता येणे हे नव्हे.

कसोट्या

स्वमूल्यमापन केवळ ‘मला हे येते का’ या प्रश्नावर न सोडता कृतीतून पडताळता येते. त्यासाठी पुढील कसोट्या उपयुक्त ठरतात.

पूर्वकथन: आज्ञा चालवण्यापूर्वी तिचे फलित कागदावर लिहावे आणि नंतर प्रत्यक्ष फलिताशी ताडून पाहावे. ‘नागपूर’ या शब्दाचे उदाहरण येथे घेता येते. हा शब्द इको आज्ञेतून पाइपद्वारे शब्द मोजणाऱ्या डब्ल्यूसी आज्ञेकडे पाठवला, तर काय आकडा येईल? मराठी वाचकाच्या दृष्टीने या शब्दात ना, ग, पू, र अशी ४ अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये काना आणि दीर्घ उकार यांना स्वतंत्र संकेतांक असल्याने ६ संकेतांक होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो, म्हणून एकूण १८ बाइट होतात. इको आज्ञा शेवटी नव्या ओळीचे एक चिन्ह जोडते. त्यामुळे बाइट मोजणारा सी हा पर्याय १९ हा आकडा देतो, तर वर्ण मोजणारा एम हा पर्याय यूटीएफ-८ परिवेशात ७ हा आकडा देतो. केवळ आज्ञा ठाऊक असणारा आकडा वाचून थांबतो. तो आकडा ४ का नाही हे सांगू शकणारा पाइप, परिवेश आणि वर्णसंकेत या तिन्ही संकल्पना जाणतो.

स्पष्टीकरण: दुसरीकडून मिळालेल्या आज्ञेतील प्रत्येक भागाचा अर्थ सांगता येतो का, हे तपासावे. ज्या भागाचा अर्थ सांगता येत नाही, तेथे ज्ञानाची सीमा असते.

दुरुस्ती: आभासी संगणकावर मुद्दाम बिघाड करून तो दूर करावा. एफएसटॅब या फाईलमध्ये चुकीची नोंद करणे, सेवेच्या संरचनेत चूक करणे किंवा रूट खात्याचा परवलीचा शब्द विसरल्याचे गृहीत धरणे हे नेहमीचे प्रयोग आहेत. असे प्रयोग महत्त्वाची माहिती असलेल्या संगणकावर करू नयेत.

टिकाऊपणा: केलेला बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावरही कायम राहतो का, हे पाहावे. तात्पुरता आणि कायमस्वरूपी बदल यांतील फरक न ओळखणे ही मध्यम पातळीवरील ठळक उणीव असते.

स्वावलंबन: आंतरजालाची मदत न घेता, केवळ संगणकावरील माहितीपुस्तिकांच्या आधारे काम पूर्ण होते का, हे तपासावे.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात २००१ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक साक्षरतेचा मोठा प्रसार झाला. हा अभ्यासक्रम मुख्यतः विंडोज आणि कार्यालयीन प्रणालींवर आधारलेला राहिला. अशा वापरकर्त्याला लिनक्सकडे वळताना संगणकाची सवय असते. परंतु परवानग्या, टर्मिनल आणि फाईल-रचना या बाबी नव्याने शिकाव्या लागतात.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात ‘के’ योजनेनुसार संगणक शाखांसाठी दुसऱ्या सत्रात ‘लिनक्स बेसिक्स’ हा विषय आहे. मंडळाचे एक विभागीय कार्यालय नागपूर येथे आहे. मंडळाच्या प्रश्नपत्रिकांच्या आराखड्यात गुणांची विभागणी स्मरण, आकलन आणि उपयोजन या स्तरांत दाखवली जाते. हीच विभागणी विद्यार्थ्याला स्वतःच्या तपासणीसाठीही वापरता येते: आज्ञा आठवणे, ती समजणे आणि अनोळखी प्रश्नात ती वापरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. सुमारे दहा मिनिटांचा पाठ ऐकत त्याच वेळी शेजारच्या खिडकीत तीच कृती करून पाहणे, अशी त्याची पद्धत आहे. पडद्यावरील मजकूर इंग्रजी आणि निवेदन मराठी असल्याने भाषेची आणि विषयाची अडचण वेगळी करण्यास त्याची मदत होते. मात्र पाठाबरोबर कृती जमली म्हणजे ती स्वतंत्रपणे जमते असे नाही. त्यासाठी काही दिवसांनी पाठ न लावता तीच कृती करून पाहणे आवश्यक असते.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची केंद्रे आहेत. अशा क्षेत्रातील मुलाखतीत ‘लिनक्सचे उत्तम ज्ञान’ या मोघम शब्दांपेक्षा प्रत्यक्ष केलेल्या कामाचे नेमके वर्णन, उदाहरणार्थ दैनंदिन बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली आणि बॅकअप पूर्ववत करून तपासला, अधिक पडताळण्याजोगे ठरते.

प्रमाणपत्र परीक्षा

बाह्य परीक्षा स्वमूल्यमापनाची पडताळणी करतात. १९९९ साली स्थापन झालेल्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या एलपीआयसी-१ प्रमाणपत्रासाठी १०१ आणि १०२ या दोन परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्येकीत ६० प्रश्न आणि ९० मिनिटांचा अवधी असतो. २०० ते ८०० या श्रेणीत ५०० गुण उत्तीर्णतेसाठी लागतात. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा प्रात्यक्षिक स्वरूपाची असून तीत ३०० पैकी २१० गुण आवश्यक असतात, आणि केलेली संरचना संगणक पुन्हा सुरू झाल्यावरही टिकावी लागते. लिनक्स फाउंडेशनने २०१४ साली सुरू केलेली एलएफसीएस परीक्षाही प्रात्यक्षिक आहे. या परीक्षांची उद्दिष्टे खुली असल्याने, परीक्षेला न बसणाऱ्यालाही ती तपासणी-सूची म्हणून वापरता येतात.

मर्यादा

लिनक्सचे ज्ञान एकाच शिडीवर मोजता येत नाही. गाभ्याचा विकास, नेटवर्क, सुरक्षा, मेघ-संगणन आणि रोजचा मेज-संगणक ही भिन्न क्षेत्रे आहेत. एका क्षेत्रातील तज्ज्ञ दुसऱ्यात नवशिका असू शकतो. कौशल्य कालबाह्यही होते. आरएचसीएसए प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षे आणि एलपीआयसी-१ ची ५ वर्षे ठेवण्यामागे हे एक कारण आहे. म्हणून स्वतःची पातळी नोंदवताना एकच विशेषण वापरण्याऐवजी कोणत्या क्षेत्रात, कोणते काम, कोणाच्या मदतीने किंवा मदतीशिवाय आणि शेवटचे केव्हा केले, हे लिहिल्यास अंदाज वास्तवाच्या अधिक जवळ जातो.